खोक्यावरचा आकडा पाहून रेंजफाइंडर घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बिबट्या वस्तीत शिरला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य बहुधा असतेच: ‘भुलीचे पहिले इंजेक्शन चुकले.’ वाचणाऱ्याला वाटते, भुलीची सुई, म्हणजे डार्ट, मारणाऱ्याचा हात हलला. हात हलतोही कधी कधी. पण बऱ्याचदा हात ठीक असतो, बंदूकही ठीक असते, चुकलेले असते ते अंतर. अलीकडे वनविभाग, स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांचे सामाजिक निधी बचाव पथकांसाठी लेसर रेंजफाइंडर, म्हणजे डोळ्याला लावून लेसर किरणाने अंतर मोजायची यंत्रे, घेऊ लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. खरेदी मात्र खोक्यावरचा मोठा आकडा पाहून होते. ‘१००० मीटर’वाले यंत्र ‘६०० मीटर’वाल्यापेक्षा चांगले, असा सरळ हिशेब लावला जातो. पथकाच्या कामासाठी हा हिशेब पार चुकीचा आहे, म्हणून हे पत्र.

बाजारात मिळणारी बहुतेक यंत्रे दोनच गिऱ्हाइकांसाठी बनतात, परदेशातला शिकारी आणि गोल्फ खेळणारा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. त्यामुळे आपण ही यंत्रे ज्या कामाला लावतो, ते काम बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसतेच. रायफलवाल्या शिकाऱ्याला २०० ते ४०० मीटरवरचे हरीण मोजायचे असते. त्याची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास धावते, आणि ३०० मीटरला यंत्र एका मीटरने चुकले तरी त्याचे काही बिघडत नाही. डार्टगनचे सगळे काम १० ते ४० मीटरमध्ये उरकते. तिथे एकेका मीटरला किंमत असते, कारण डार्ट संथ असतो.

किती संथ, ते पाहा. डार्टचा वेग सेकंदाला ६० मीटर धरू आणि हवेचा अडथळा हिशेबातून वगळू. डार्ट ढकलणाऱ्या गॅसचा दाब २० मीटरच्या हिशेबाने लावला आहे आणि जनावर प्रत्यक्षात २५ मीटरवर आहे, तर डार्ट नेमाच्या १७ सेंटीमीटर खाली लागतो. जनावर ३० मीटरवर असेल तर ४१ सेंटीमीटर खाली, म्हणजे बिबट्याच्या पोटाखालून निघून जातो. उलट जनावर १४ मीटरवरच असेल तर डार्ट ११ सेंटीमीटर वर चढतो. मांडीच्या स्नायूवर धरलेला नेम कमरेच्या हाडावर जातो. हवेचा अडथळा धरला तर लांबचे आकडे आणखी बिघडतात. अंतर कमी आणि दाब जास्त असला तर नुसता नेम चुकत नाही. सुई स्नायू ओलांडून आत घुसते, हाडाला इजा होते, नाहीतर डार्ट आपटून मागे उडतो आणि औषध बाहेरच सांडते. म्हणून तर कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या डार्टगनसोबत किती मीटरला किती बार दाब याचा तक्ता येतो, आणि डार्टच्या आकाराप्रमाणे तो बदलतो. हा तक्ता कितीही काटेकोर असला, तरी त्यात घालायचे मीटर अंदाजाचे असतील तर त्याचा काय उपयोग? ओढ्यापलीकडचे जनावर जवळ वाटते, तिन्हीसांजेला तेच लांब वाटते, आणि मागे पाचशे माणसांचा गलका चालू असताना तर काहीही वाटते.

तेव्हा शिकाऱ्यांच्या यंत्रांतूनच निवडायचे, तर रायफलवाल्याचे नको, धनुष्यवाल्याचे घ्या. अमेरिकेत कंपाउंड धनुष्याने हरणाची शिकार करणारे लोक साधारण २० ते ४० मीटरवरून बाण सोडतात, बाणाचा वेग सेकंदाला ८०-९० मीटर असतो, आणि ते बहुधा झाडावरच्या मचाणावरून खाली नेम धरतात. गोष्टी तिन्ही आपल्याच, फक्त दिशा उलटी. त्यांच्यासाठीच्या यंत्रांत ‘बो’ नावाची सोय असते. जवळच्या अंतरात ती कोन मोजून आडवे अंतर दाखवते.

या आडव्या अंतरावर थोडे थांबतो, कारण सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. बिबट्या झाडावर १२ मीटर उंच बसला आहे आणि बुंध्यापासून आपण १५ मीटरवर उभे आहोत. यंत्र सरळ रेषेत मोजते, ते अंतर येते १९ मीटर. डार्ट खाली किती ओढला जाईल, हे मात्र आडव्या १५ मीटरवरून ठरते. कोन ३९ अंशांच्या आसपास आहे, त्याची कोसाइन ०.७८, म्हणून १९ गुणिले ०.७८. शिकारीचे यंत्र हा गुणाकार करून १५ दाखवते, आणि नेम वर असो की खाली, आकडा कमीच होतो.

आता गोल्फचे यंत्र घ्या. त्यावरही ‘स्लोप’ लिहिलेले असते आणि विक्रेता छातीठोक सांगतो, साहेब, अँगल आहे यात. असतो, पण तो चेंडूसाठी. गोल्फचा चेंडू चढावर मारायचा तर जास्त जोर लागतो आणि उतारावर कमी, म्हणून हे यंत्र चढावर आकडा वाढवते. त्याच झाडावरच्या त्याच बिबट्यासाठी ते १९ च्याही वरचा आकडा देईल. १५ च्या जागी २० पेक्षा जास्त धरून दाब लावला तर काय होते, ते वर लिहिलेच आहे. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत गोल्फची यंत्रेच सहज मिळतात आणि स्वस्तही असतात. ती घ्यायचीच झाली तर ‘स्लोप’ कायमचा बंद ठेवा आणि कोनाचा गुणाकार स्वतः करा. ३० अंशांला ०.८७, ४५ अंशांला ०.७, एवढे दोन आकडे यंत्राच्या पट्ट्यावर लिहून ठेवले तरी भागते.

विहिरीतल्या बिबट्यासाठी यातले काही लागू नाही. जवळजवळ सरळ खाली मारताना आडवे अंतर दोन-तीन मीटरच भरते आणि त्यावरून दाब लावण्याला अर्थ नसतो. शिवाय विहिरीत पाणी असेल तर भूल देणेच चूक, जनावर गुंगीत बुडते. तिथे बाज किंवा पिंजरा सोडण्याची रीत आहे, तीच बरी.

आता खोक्यावरचा आकडा. यंत्र अदृश्य अवरक्त प्रकाशाचा स्पंद सोडते, बहुतेकांत ९०५ नॅनोमीटरचा, आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. एका मीटरमागे जाऊन-येऊन ६.७ नॅनोसेकंद लागतात. परत किती प्रकाश येतो, हे समोरच्या वस्तूवर अवलंबून असते. खोक्यावरचे १००० मीटर हे रस्त्यावरच्या चमकत्या पाटीसारख्या वस्तूचे असतात. त्याच यंत्राच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत झाडासाठी वेगळा आणि हरणासाठी त्याहून कमी आकडा दिलेला असतो. हरणाचा आकडा मोठ्या आकड्याच्या निम्म्याहून कमी असणे नेहमीचेच. गव्याचे काळे, पावसात भिजलेले अंग आणि भर दुपारचे ऊन असेल तर त्याहूनही कमी. उन्हात यंत्राच्या डोळ्यात बाहेरचा प्रकाश इतका शिरतो, की परत आलेला क्षीण स्पंद त्यात हरवतो. तरीही हरणासाठी २०० मीटर म्हणणारे कुठलेही बरे यंत्र डार्टिंगला पुरून उरते. त्यावर जादा पैसे घालण्यात अर्थ नाही.

पाहायचा आकडा आहे तो दुसऱ्या टोकाचा, किमान अंतर. स्पंद सोडल्यावर यंत्राचा स्वतःचाच प्रकाश काही क्षण त्याचा डोळा दिपवतो, म्हणून अगदी जवळचे त्याला मोजता येत नाही. धनुष्यवाल्यांची यंत्रे ५ मीटरपासून मोजतात. काही यंत्रांची, विशेषतः वनमोजणीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्यांची, मर्यादा १० मीटर असते. गोठ्याच्या दारातून आठ मीटरवरच्या बिबट्याकडे रोखल्यावर असे यंत्र पडद्यावर नुसत्या रेघा दाखवते. निविदेत ‘वनमोजणी’ हा शब्द पाहून ते आपल्याच कामाचे असेल, अशी समजूत सहज होते.

अचूकतेच्या रकान्यात ‘अधिक-उणे १ मीटर’ लिहिलेले असेल तर २० मीटरला ती पाच टक्के चूक झाली. चालेल, पण काठावर. अर्ध्या मीटरचे मिळाले तर घ्यावे. १०० मीटरच्या आत दशांश दाखवणारी यंत्रे असतात, पण दशांश दिसला म्हणून यंत्र दशांशाइतके अचूक असते असे नाही.

त्यानंतर येतो पहिल्या आणि शेवटच्या वस्तूचा प्रश्न. किरण एका रेषेत जात नाही, पसरत जातो. दोन मिलिरेडियन पसरणारा किरण ३० मीटरला सहा सेंटीमीटर रुंद होतो आणि ३०० मीटरला साठ. वाटेत गवताची काडी आली तर थोडा प्रकाश काडीवरून परत येतो, थोडा जनावरावरून. यातले कुठले उत्तर दाखवायचे, हे यंत्राला सांगावे लागते. गोल्फची यंत्रे मागच्या झाडांऐवजी पुढचा झेंडा पकडावा म्हणून पहिल्या वस्तूला पसंती देतात. शिकारीची यंत्रे झुडपामागचे हरीण पकडावे म्हणून शेवटच्या वस्तूला. घाणेरीच्या जाळीत बसलेल्या बिबट्याला दुसरी रीत हवी. पण मागे लगेच भिंत किंवा बांध असेल, तर तीच रीत भिंतीचे अंतर देऊन मोकळी होते. म्हणून दोन्हींत बदल करता येणारे यंत्र घ्यावे, आणि तो बदल तीन बटणे दाबून मेन्यूत शिरल्याशिवाय होत नसेल तर ते नाकारावे. उसाच्या फडात दोन्ही रीती फसतात. तिथे शिकाऱ्यांची जुनी सवय कामाला येते. जनावर दिसण्याची वाट न पाहता फडाच्या कडेचा खांब, पाइपचा व्हॉल्व्ह, बांधावरची बाभूळ, पिंजऱ्याचे दार यांची अंतरे आधीच मोजून कागदावर लिहायची. बिबट्या बाभळीजवळ आला की बाभळीचा आकडा वापरायचा, यंत्र उचलायचेच नाही.

पडद्याकडे खरेदीच्या वेळी कुणी पाहत नाही, कारण खरेदी दिवसा होते. साध्या यंत्रांत आकडे काळे उमटतात. पहाटे किंवा झाडोऱ्याच्या सावलीत काळ्यावर काळे काहीच वाचता येत नाही. लाल उजेडाचे आकडे हवेत, आणि उजेड कमी-जास्त करता यायला हवा. रात्री झगझगीत लाल आकड्याने आपलेच डोळे दिपतात आणि दुर्बिणीतले जनावर दिसेनासे होते. पाण्यापासून संरक्षणाची खूण पाहा. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीतल्या जुलैला पहिले पुरत नाही. धुके दाट असेल तर मात्र कुठलेच यंत्र चालत नाही, ते धुक्याचेच अंतर सांगते. गाडीच्या काचेतून मोजू नये, हेही त्याच कारणाने.

बहुतेकांत सीआर२ नावाची ३ व्होल्टची बुटकी लिथियम बॅटरी लागते. तालुक्याच्या गावी ती मिळेलच असे नाही. यंत्रामागे दोन जादा बॅटऱ्या खरेदीतच घ्याव्यात, आणि महिनोन्महिने यंत्र कपाटात राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवावी. त्याच मापाच्या ३.७ व्होल्टच्या रिचार्जेबल घालण्याचा मोह टाळा. बॅटरी बदलल्यावर एक गोष्ट न चुकता तपासा. काही यंत्रांचे एकक पुन्हा यार्डवर जाऊ शकते, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका बारीक अक्षराखेरीज ते कळत नाही. ३० यार्ड म्हणजे २७.४ मीटर.

बांधकामवाल्यांचे लाल ठिपक्याचे मोजयंत्र मिलिमीटरपर्यंत अचूक असते, मग तेच का नको, असे कुणी विचारेल. खोलीत ते उत्तम आहे. पण उघड्यावर, उन्हात, वीस मीटरवरच्या केसाळ अंगावर त्याचा ठिपका ना आपल्याला दिसतो ना यंत्राला. अंधारात मात्र तो जनावराला दिसतो.

यंत्र ताब्यात घेताना साहेबांच्या टेबलावरून समोरच्या भिंतीचे अंतर मोजून पावतीवर सही करण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याऐवजी मैदानात भर दुपारी टेप अंथरून ८, १५, २५ आणि ४० मीटरवर काठीला गोणपाट टांगा, आधी कोरडे आणि मग भिजवून. पांढरा पुठ्ठा लावू नका, त्यावर कुठलेही यंत्र पास होते. प्रत्येक अंतरावर दहा वेळा बटण दाबा. आकडे तर लिहाच, पण किती वेळा नुसत्या रेघा आल्या तेही लिहा. मग गोणपाटापुढे दोन मीटरवर गवताची पेंढी धरून पहिली आणि शेवटची वस्तू वेगळी येते का ते पाहा.

यापुढची चाचणी फारसे कुणी करत नाही, आणि नेमका तिथेच दोष सापडतो. मागे बरेच मोकळे असलेला एकटा विजेचा खांब निवडा. यंत्र सतत मोजण्याच्या रीतीवर ठेवून डावीकडून हळूहळू खांबाकडे आणा आणि आकडा लांबच्यावरून खांबावर उडी मारतो तिथे यंत्रातून दिसणाऱ्या नेमाच्या फुलीचा मध्य खांबापासून किती दूर आहे, ते लक्षात ठेवा. आता उजवीकडून तसेच करा. दोन्हीकडे सारखे आले तर किरण फुलीच्या मध्यावर आहे. एका बाजूला जास्त आले तर किरण सरकलेला आहे. तुम्ही फुली बिबट्यावर ठेवता आणि यंत्र शेजारचा दगड मोजते. खाली-वर पाहण्यासाठी खांबाऐवजी भिंतीची वरची कड घ्या. असे यंत्र परत करा, घरी ते दुरुस्त होत नाही. वॉरंटीतले यंत्र कुठे पाठवायचे, याचा भारतातला पत्ता पावतीवर मागून घ्या.

हीच यंत्रे व्याघ्रगणनेच्या ट्रान्सेक्टवरही जातात, म्हणून त्याविषयीही लिहितो. दर चार वर्षांनी होणाऱ्या गणनेत वनरक्षक दोन किलोमीटरच्या ठरलेल्या रेषेवरून सकाळी चालतात आणि दिसलेल्या चितळ, सांबर, गव्यांचे अंतर आणि दिशा नोंदवतात. त्यातून रेषेपासूनचे लंब अंतर निघते आणि त्यावरून घनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती प्राणी ते. सगळी अंतरे सरसकट १० टक्के जास्त लिहिली गेली, तर घनता सुमारे ९ टक्के कमी येते. कळपाच्या मध्यापर्यंत मोजावे, आणि प्राणी पहिल्यांदा दिसला त्या जागेपर्यंत. तो पळाला असेल तर ज्या झाडापाशी उभा होता, ते झाड मोजावे. इथे शेवटची वस्तू पकडणारे आणि हरणाला दीडशे-दोनशे मीटरपर्यंत खात्रीने चालणारे यंत्र हवे. ‘बो’ची गरज नाही.

पण या कामात चूक शिरते ती लेसरमधून कमी आणि होकायंत्रातून जास्त. चितळ ६० मीटरवर आणि रेषेपासून ३० अंशांत असेल तर लंब अंतर ३० मीटर. लेसर एका मीटरने चुकला तर त्यात अर्ध्या मीटरचा फरक पडतो. होकायंत्र पाच अंशांनी चुकले तर ३० चे ३४.४ होतात. प्राणी जवळजवळ समोरच असला तर आणखी वाईट. ५ अंशांच्या जागी १० लिहिले की लंब अंतर दुप्पट होते, आणि ‘समोरच आहे’ म्हणून शून्य लिहिले की रेषेवरच प्राण्यांची खोटी गर्दी होते आणि घनता फुगते. म्हणून महागडा रेंजफाइंडर आणि शाळेच्या कंपासपेटीतले वाटावे असे होकायंत्र, ही जोडी निविदेतून काढून टाकावी. डोळ्याला लावून अंश वाचायचे होकायंत्र मागवावे आणि रेंजफाइंडरचे पैसे त्यासाठी कमी करावे लागले तरी करावेत.

त्यातही गोल्फच्या अनेक यंत्रांच्या बाजूला ताकदीचे लोहचुंबक बसवलेले असते, गाडीच्या दांड्याला चिकटवून ठेवता यावे म्हणून. छातीवर एका पट्ट्यात असे यंत्र आणि दुसऱ्यात होकायंत्र लटकवून चालणाऱ्याची दिवसभराची दिशांची पाने वाया जातात. ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याला एवढे विचारावे, की यात मॅग्नेट आहे का? असेल तर गणनेसाठी दुसरे दाखवा.

कळावे,
आपला,
एक वाचक
जुन्नर, जि. पुणे